वजन जास्त म्हणून अँटिबायोटिक दुप्पट? नाही!

‘वजन शंभर किलोंच्या वर असेल तर अँटिबायोटिकची एकाऐवजी दोन गोळ्या घ्या,’ असा मेसेज फिरतोय. हे चूक आहे. जेंटामायसिनसारखी पाण्यात विरघळणारी अँटिबायोटिक औषधं चरबीत फारशी शिरत नाहीत. पूर्ण वजनावर डोस काढला तर मूत्रपिंड आणि कान दोन्हींना धोका. म्हणून डॉक्टर उंचीवरून आदर्श वजन काढतात आणि जादा वजनाचा साधारण ४० टक्केच भाग त्यात मिळवतात. व्हँकोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकचा पहिला डोस मात्र प्रत्यक्ष वजनावर, पुढचे रक्तातली पातळी पाहून. मेसेजमागे थोडं तथ्य आहेच: शस्त्रक्रियेआधी दिलं जाणारं सेफॅझोलिन हे अँटिबायोटिक १२० किलोंपासून पुढे २ ऐवजी ३ ग्रॅम देण्याची शिफारस आहे. पण ते इंजेक्शन, तेही रुग्णालयात. घरच्या गोळ्या चिठ्ठीत लिहिल्या तेवढ्याच.