वेलीला ताण

विस्टेरिया या जांभळ्या फुलांच्या वेलीला फुलायला खरी थंडी लागते. आमच्या सोलापूरची थंडी सिद्धेश्वराच्या यात्रेबरोबर येते आणि गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे उतरायच्या आत निघून जाते. तरीही जपानमधल्या आशिकागाच्या बागेतला तो दीडशे वर्षांहून जुना जांभळा मांडव मोबाइलवर पाहिल्यापासून बायकोला फाटकावर तसंच काहीतरी हवं होतं. त्या वेलीची छाटणी वर्षातून दोनदा करायची, उन्हाळ्यात पाच-सहा पानांवर आणि हिवाळ्यात दोन-तीन डोळ्यांवर, हे वाचूनच मला धाप लागली. शेवटी फाटकावर बोगनवेल चढली. ही ब्राझीलकडची. हिला थंडी नको, फक्त दिवसभर ऊन हवं, आणि ऊन ही एकच गोष्ट सोलापुरात कुणाच्या हातापाया न पडता मिळते.

वेल वाढली. विजेच्या तारेपर्यंत पोचली, शेजारच्या अम्मांच्या गच्चीत डोकावली. फूल मात्र एक नाही. नुसता हिरवागार पाला.

माझा मेहुणा सांगोल्याचा डाळिंबवाला. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्याच्या बोलण्याला भलतंच वजन आलंय. त्यानं वेलीचं एक पान चुरगाळलं आणि निदान केलं, "दाजी, हिला ताण द्या. पाणी तोडा. बहार धरायचा तर आधी झाड जरा घाबरलं पाहिजे. पोटभर मिळाल्यावर कोण कामाला लागतंय?" शेवटचं वाक्य म्हणताना तो माझ्याकडे का बघत होता, हे त्याच्या बहिणीला विचारायचं मी टाळलं.

सोलापुरात पाणी तोडायला काय लागतं, असं कुणालाही वाटेल. इथं नळाला रोज पाणी येतच नाही. पण खरी गोम तिथंच आहे. नळ आला, की पिंपातलं, हंड्यातलं, कळशीतलं सगळं पाणी त्या क्षणी शिळं होतं. मग ते ओतायचं कुठं? वेलीच्या बुडाशी. म्हणजे माणसं अर्ध्या बादलीत आंघोळ उरकणार आणि वेलीला दर पाळीला महापूर! वर आईचं तांदूळ धुतलेलं पाणी. अम्मांचा तांब्या तर गच्चीवरूनच रिकामा व्हायचा. मी ताणाचं नाव काढलं, की आई म्हणायची, "मुक्या जिवाला पाणी नको म्हणतोस? कुणी शिकवलं रे तुला हे?" सुनेच्या भावाचं नाव घ्यायची सोय नव्हती.

राहिली छाटणी. बोगनवेलीला नव्या फुटव्यांवर फुलं येतात, म्हणून सरळसोट वाढलेल्या फांद्या आखूड कराव्या लागतात. तिचे काटे ठाऊक असल्यामुळे मी दोन्ही हातांना टर्किश टॉवेल गुंडाळले. या गावात टॉवेलांना काय तोटा! पण काटा टॉवेलच्या विणीत शिरला. तो सोडवायला दुसरा हात नेला, तर तोही अडकला. मान वळवली, तेव्हा तिसऱ्या फांदीनं बनियन धरलं. रस्त्यानं जाणारे थांबून विचारत होते, "काय सर, छाटणी का?" हातातून कात्री कधीच गळून पडली होती.

मग ऐन मार्चात कुठंतरी मोठी जलवाहिनी फुटली. नळाची एक पाळी चुकली, पुढचीही चुकली. शिळ्या पाण्याला एकदम तीर्थाचा भाव आला. तांदळाचं पाणी बादलीत जपलं जाऊ लागलं. वेलीकडे बघतो कोण? तिची पानं मलूल झाली, थोडी गळलीही. पाणी सुरळीत झालं आणि काही दिवसांत फांद्यांच्या टोकांना राणी रंग फुटला. तसं पाहिलं तर ती रंगीत पानंच. खरं फूल त्या तीन कागदी पानांच्या मधोमध असतं, पांढुरकं, चिमुकलं. हे मी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुम्हाला कशाचं मेलं कौतुकच नाही."

आईच्या मते हा तांदळाच्या पाण्याचा गुण. मेहुण्यानं फोनवर "बघा दाजी" एवढंच म्हटलं, पण चारदा.

आता ती कागदी पानं वाऱ्यानं गल्लीभर उडतात आणि नेमकी अम्मांच्या रांगोळीवर जाऊन बसतात. काल त्या खराटा घेऊनच फाटकाशी आल्या.

"किती झाडायचं हो रोज? त्याला पाणी जरा कमी घाला की!"