‘चार पोरांच्या हौसेसाठी मैदान’: काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, सप्रेम नमस्कार.

स्केटपार्कबद्दलच्या, म्हणजे स्केटबोर्ड (चाकं लावलेली फळी) खेळायच्या मैदानाबद्दलच्या, माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि रविवारी आमच्या गटातल्या सगळ्यांना वाचून दाखवली. बाकीच्या वाचकांसाठी तिचा गोषवारा देते. तुमचं म्हणणं असं: नाशिकच्या सिडकोतला आपला भूखंड कित्येक वर्षं सकाळी फिरणाऱ्यांचा आणि संध्याकाळी क्रिकेट खेळणाऱ्यांचा आहे, तो चार पोरांच्या हौसेसाठी काँक्रीटखाली घालू नका. लोकांचं मत घेतलं म्हणता, तर त्या बैठकीला आलं कोण? आराखडा इंजिनीअरने करायचा की शाळकरी पोरांनी? दोन वर्षांत तिथे टवाळखोरांचा अड्डा होईल आणि ओपन जिमसारखा सगळ्याला गंज चढेल. आणि एवढीच हौस असेल तर गंगेकाठी (गोदावरीच्या काठी) मोकळी जागा आहे, तिकडे करा.

बैठकीचा मुद्दा आधी घेते, कारण तो खरा आहे.

ती बैठक आम्ही गुरुवारी संध्याकाळी पाचला ठेवली. त्या वेळी नोकरदार कंपनीतून सुटलेले नसतात, बायका स्वयंपाकाच्या तयारीत असतात आणि तुमच्यासारखी मंडळी फिरायला निघालेली असतात. निरोप गेला तो फक्त व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर. आले ते बहुतेक आधीपासून ‘हो’ म्हणणारेच. आम्ही पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली, ‘आवडलं का?’ विचारलं, हात वर झाले आणि सह्यांचा कागद फिरवला. तुम्ही दारापर्यंत येऊन परत गेलात असं लिहिलंय, ते वाचून मला फार वाईट वाटलं. ठरलेल्या गोष्टीला आम्ही मान डोलावून घेतली होती, आणि मी त्याला ‘लोकसहभाग’ असं नाव दिलं. तो शब्द मी मागे घेते.

पण काका, त्यानंतर काय झालं ते लेखात पुरेसं आलं नव्हतं. ते सांगते.

आम्ही बैठक घेणंच सोडलं आणि भूखंडावर जाऊन बसायला लागलो. कधी पहाटे सहाला, कधी दुपारी दोनला, कधी दिवेलागणीनंतर. वही घेऊन नुसतं पाहायचं: कोण कुठून आत येतं, कुठे टेकतं, कोणत्या कोपऱ्याकडे कुणीच फिरकत नाही. मग ज्याला त्याला त्याच्या जागी गाठून विचारायचं. ‘स्केटपार्क हवा का?’ हा प्रश्न आम्ही टाकून दिला, कारण त्याला हो किंवा नाही याखेरीज उत्तर नाही. त्याऐवजी विचारायचो, ‘तुम्ही इथे काय करता? काय करता येत नाही? काय गेलं तर चुकल्यासारखं होईल?’

समोरच्या बैठ्या घरातल्या आजी ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. आमचा नकाशा त्यांनी हातात घेतलाही नाही. म्हणाल्या, ‘तो खड्डा कुठे खणणार?’ मी दक्षिणेचा कोपरा दाखवला. ‘तिथे? अगं, तिथे दिवाळीपर्यंत पाणी असतं. माझी म्हैस बसायची तिथे.’ नकाशावर तो कोपरा सपाट दिसत होता. आम्ही उन्हाळ्यात मोजणी केली होती, तेव्हा जमीन खडखडीत होती. आजींच्या सांगण्यावरून तिथे दोन ठिकाणी खणून पाहिलं, तर वर काळी माती आणि मुरूम बराच खाली. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर काँक्रीटचा बोल (वाटीच्या आकाराचा खळगा, त्याच्या उतारांवर बोर्ड चालवतात) टाकला असता तर दोन पावसाळ्यांत तडे गेले असते, वर साठलेलं पाणी उपसत बसावं लागलं असतं ते वेगळंच. आता बोल उत्तरेला सरकलाय, खणण्याऐवजी भराव घालून जमिनीच्या वर बांधायचा ठरलाय, आणि त्याच्या तळाची नळी थेट पावसाळी गटाराला जोडायची आहे. ‘आराखडा इंजिनीअरने करायचा’ हे तुमचं म्हणणं मला मान्यच आहे. आमच्याबरोबर इंजिनीअर आहेत, आणि आजींचं ऐकून खणायला लावलं ते त्यांनीच.

मुलांचंही असंच झालं. सिडकोतल्या ओटीवजा अंगणांत आणि कॉलनीच्या रस्त्यांवर चाकं लावून फिरणारी मुलं तुम्ही पाहिली असतीलच. आपल्याकडे स्केटिंग म्हटलं की पायाला बांधायची चार चाकं आणि गोल रिंक डोळ्यांसमोर येते. स्केटबोर्डचं तसं नसतं. त्याला गोल फिरायला जागा नको, उतार, कठडा, पायरी आणि त्यांच्या मधे पुरेशी सपाट जमीन हवी. आम्ही मुलांना कागद-पेन्सिल दिली, तर सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलेले परदेशातले प्रचंड बोल काढले. मग एकाला सुचलं, गणपतीच्या कार्यशाळेतली शाडू उरली होती ती आणली. हातात माती आली आणि मुलांचं बोलणंच बदललं. उतार केला की बोटाने छोटी पाटी त्याच्यावरून चालवून बघायची, ‘इथे आपटतोय रे’ म्हणत माती काढायची. दुपार संपली तेव्हा पाटावर जे उभं होतं त्यात डोक्याइतक्या उंचीचा बोल नव्हता. कमरेइतक्या उंचीचे दोन उतार, गुडघ्याइतका एक लांब कठडा, तीन पायऱ्या आणि खूप सारी मोकळी जमीन. एक मुलगा म्हणाला, ‘मोठा बोल असला तर दोघंच खेळतील, बाकीचे बघत बसतील.’ एवढी गोष्ट माझ्या रंगीत चित्रांत नव्हती.

शाडूचा तो पाट इंजिनीअरांकडे गेला आणि आकडे त्यांनी घातले. ही हद्द आम्ही आधीच सगळ्यांना सांगून ठेवली आहे. उताराची वक्रता किती असावी, समोरासमोरच्या उतारांमधे किती अंतर लागतं, काँक्रीट किती जाड, सळई कोणती, किती दिवस पाणी मारायचं, हे हात वर करून ठरत नाही. जागा कुठली, दरवाजे किती, झाडं कोणती राहणार, दिवे कधी मालवायचे, क्रिकेटची खेळपट्टी कुठे, तुमचा फिरण्याचा रस्ता कुठून जाणार, हे मात्र तिथे राहणाऱ्यांनीच ठरवायचं. कशावर बोलता येईल आणि कशावर नाही, हे सुरुवातीलाच सांगितलं नाही तर माणसं मनापासून बोलतात आणि नंतर फसवल्यासारखी परत जातात. पहिल्या बैठकीत आमच्याकडून नेमकं तेच झालं होतं.

आता मुलींबद्दल, कारण तुमच्या ‘चार पोरांच्या’ या शब्दांवर मी अडखळले. माझी मुलगी बारा वर्षांची आहे. बैठकीला पाच-सहा मुली होत्या, एकही बोलली नाही. नंतर मी त्यांना आमच्या गच्चीवर बोलावलं, मुलगे नाहीत, पुरुष नाहीत. तेव्हा अर्ध्या तासात मला वहीचं पान उलटावं लागलं. भूखंडाला एकच दरवाजा आहे आणि संध्याकाळी त्या दरवाजातच मोठी मुलं गाड्या लावून बसतात. त्यांच्यामधून जायचं म्हणजे परतच फिरायचं. मुलींना दुसरा दरवाजा हवा होता, आत शिरण्याआधी बाहेरूनच आत कोण आहे ते दिसेल असं कमी उंचीचं कुंपण हवं होतं, शिकताना पडलं तरी सगळ्यांच्या नजरेत येणार नाही असा एक बाजूचा छोटा उतार हवा होता. आणि स्वच्छतागृह, हे प्रत्येकीने सांगितलं.

व्हिएन्ना शहरात १९९० च्या दशकात पाहणी झाली, तेव्हा दिसलं की साधारण नऊ-दहा वर्षांनंतर मुलींचं बागेत येणं बंद होतं, मुलगे मात्र येत राहतात. १९९९ मध्ये तिथल्या दोन बागांची फेररचना झाली: मोकळी मोठी जागा छोट्या भागांत वाटली, वाटा वाढवल्या, खेळण्याचे प्रकार वाढवले, आणि मुली परत आल्या. आपल्या गच्चीवरच्या मुली तेच सांगत होत्या. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डिंग पहिल्यांदा आलं, आणि मुलींच्या स्ट्रीट प्रकारात (पायऱ्या-कठड्यांवर खेळायच्या) सुवर्ण आणि रौप्य दोन्ही पदकं तेरा वर्षांच्या मुलींनी घेतली. दूर कशाला, मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार नावाच्या खेड्यात २०१५ पासून स्केटपार्क आहे. तिथे दोन नियम: शाळेत गेला नाहीत तर बोर्ड नाही, आणि मुलींचा नंबर आधी. त्या गावची आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधल्या जागतिक स्पर्धेत भारताकडून उतरली. आदिवासी वस्तीतल्या मुलीला जिथे पोचता आलं, तिथे सिडकोतली मुलगी दरवाजातूनच परत फिरू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

गंगेकाठच्या जागेबद्दल. काका, दर पावसाळ्यात आपण सगळे गोदेच्या पुराचं माप म्हणून नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागलं की कमरेला, याची चौकशी करतो. तिथला मोकळेपणा पुराचा आहे. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे वारंवार पुराखाली जाणाऱ्या पट्ट्याच्या, आत काँक्रीट ओतायला मी कधीच हो म्हणणार नाही, आणि अलीकडे तपोवनातल्या झाडांसाठी रस्त्यावर उतरलेले नाशिककरही म्हणणार नाहीत. शिवाय दहा वर्षांचं मूल सिडकोतून नदीपर्यंत एकटं जाऊ शकत नाही. त्याला कुणीतरी गाडीवर सोडायचं आणि आणायचं, म्हणजे ज्यांच्या घरी तसं माणूस मोकळं आहे त्यांचीच मुलं खेळणार. मैदान चालत जाण्याच्या अंतरावर असलं तरच ते वस्तीचं.

आवाजाचा प्रश्न तुम्ही नीट मांडलात, कारण तुमची खिडकी तिकडेच उघडते. गुळगुळीत काँक्रीटवर चाक चालतं त्याचा आवाज कमी असतो. पेव्हर ब्लॉकवरून गेलं की प्रत्येक सांध्यावर खडखड होते, म्हणून ब्लॉक कुठेच नाहीत. खरा आवाज होतो तो उडी मारताना बोर्डाचं शेपूट जमिनीवर आपटतं तेव्हा, आणि कठड्याच्या लोखंडी कडेवर घासतं तेव्हा. ही दोन्ही ठिकाणं इमारतींपासून सगळ्यात लांबच्या टोकाला नेली आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आम्ही दहापर्यंतही थांबत नाही, रात्री साडेआठला दिवे बंद, असं मुलांनीच मान्य केलंय. आणि कंत्राटदाराला काम देण्याआधी उन्हाळ्यातले काही रविवार प्लायवूडचे सुटे उतार मांडून प्रत्यक्ष खेळून बघायचं आहे. त्या वेळी तुम्ही खिडकीत बसून ऐका आणि सहन होत नसेल तर स्पष्ट सांगा. प्लायवूड उचलून हलवता येतं, काँक्रीट नाही.

टवाळखोरांचं म्हणाल तर ते आजही तिथे आहेत, अंधार आणि एकच दरवाजा त्यांच्या सोयीचा आहे. देखभालीबद्दल मात्र तुमची शंका रास्त आहे. ओपन जिमची गंजलेली हाडं मीही रोज बघते. स्केटपार्कमध्ये हलणारा, तेल-पाण्याचा एकही भाग नसतो. लागतो तो रोजचा झाडू, कारण बारीक खडा चाकाखाली आला की स्वार तोंडावर पडतो. त्यामुळे ज्याला खेळायचंय तो झाडतोच. पावसाळ्याआधी नळी साफ करणं आणि लोखंडी कडांचे जोड तपासणं, ही दोन कामं कुणाची, हे लेखी ठरल्याशिवाय काम सुरू करू नये, अशी अट मी गटात मांडली आहे. तुमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने त्या कागदावर सही करावी आणि वर्षातून दोनदा आम्हाला जाब विचारावा, असं मला मनापासून वाटतं.

शेवटी एक कायद्याची गोष्ट. भूखंडाचं आरक्षण बदलायचं असतं तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे जाहीर नोटीस आणि हरकती-सूचनांसाठी महिन्याची मुदत द्यावी लागली असती. इथे आरक्षण खेळाच्या मैदानाचंच आहे आणि तसंच राहणार, म्हणून कुणाला विचारायची सक्ती नाही. सक्ती नाही म्हणूनच मी ही वही घेऊन दारोदार फिरते आहे. पुण्यात २००६ पासून नागरिकांना आपल्या प्रभागातली कामं अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. आपण एका भूखंडापासून सुरुवात करू.

क्रिकेटची निम्मी जागा मातीचीच राहते आहे. कडुलिंब आणि दोन्ही चिंचा जागच्या जागी आहेत. फिरण्याचा रस्ता सध्या कागदावर पूर्वेकडून जातो, पण सकाळी त्या बाजूला ऊन येतं आणि तुमच्यातले काही जण बीपीच्या गोळ्या घेऊन फिरतात, हे मला तुमची प्रतिक्रिया वाचेपर्यंत सुचलं नव्हतं.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही फक्की घेऊन भूखंडावर येतोय. बोल, कठडा, दोन्ही दरवाजे, खेळपट्टी, रस्ता, सगळं जमिनीवर खऱ्या मापाने आखायचं आहे, म्हणजे नकाशा न वाचताही त्यात चालून बघता येईल. रस्त्याची आणि बाकांची रेघ आम्ही तुम्ही येईपर्यंत मारणार नाही. संघातल्या सगळ्यांना घेऊन या. सावली कुठे असते ते दाखवा, तिथे मी खुंट्या ठोकते.