सगळीकडे भीती आहे, म्हणून ती खरी?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की जगभरातल्या लोकांना ग्रहण अशुभ वाटत आलं, तर त्यामागे काहीतरी अनुभव असणारच. शिवाय गरोदर बाई चार तास घरात बसली तर बिघडलं कुठे?

भीती सगळीकडे आहे, हे मान्य. भर दिवसा सूर्य झाकोळला तर कुणाच्याही छातीत धस्स होईल. पण त्या भीतीची कारणं बघा. आपल्याकडे राहू, चीनमध्ये ड्रॅगन, नॉर्स कथांमध्ये सूर्याच्या मागे लागलेला लांडगा. उपायांचाही एकमेकांशी मेळ नाही. प्राचीन मेसोपोटेमियात काही चंद्रग्रहणं राजाच्या जिवावर बेतणारी मानत. मग गादीवर तात्पुरता दुसराच माणूस बसवायचा आणि पुढे त्याला मारून टाकायचं. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो-बेनिनमधले बाटामालिबा लोक मात्र म्हणतात, सूर्य-चंद्र भांडताहेत, तेव्हा आपण आपली जुनी भांडणं मिटवूया. ही रीत मला मनापासून आवडते, पण तीही सूर्य-चंद्र भांडल्याचा पुरावा नव्हे.

पूर्वजांच्या निरीक्षणाबद्दल मला आदरच आहे. १८ वर्षं ११ दिवसांनी ग्रहणं परतून येतात, हे त्याच मेसोपोटेमियातल्या लोकांनी ओळखलं. ग्रहण म्हणजे सावली, हे आर्यभटांनी स्वच्छ लिहून ठेवलं. तेही पूर्वजच ना? आणि सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी बघू नये, हे तर शंभर टक्के पाळा. डोळ्याचा पडदा भाजतो आणि त्या वेळी दुखतही नाही.

आता ‘बिघडलं कुठे?’ गरोदर बाईला तासन् तास पाण्याविना ठेवणं तिला त्रासाचं असतं, हे तर आहेच. पण त्याहून वाईट पुढे आहे. बाळाच्या फाटलेल्या ओठाचं खापर आपल्यासारखंच मेक्सिकोतही ग्रहणावर फोडतात. अ‍ॅझ्टेक काळात गरोदर बायका ग्रहणात ज्वालामुखीच्या काचेचा तुकडा अंगाशी ठेवत. आता कपड्याला सेफ्टी पिन लावतात. गर्भाचा ओठ जुळतो चौथ्या ते सातव्या आठवड्यात. पुष्कळदा तोवर दिवस गेल्याचं बाईला धड कळलेलंही नसतं. मग सातव्या महिन्यात तिने सुरी हातात धरली म्हणून जुळलेला ओठ फाटेल कसा? तरी तसं मूल जन्मलं, की पहिला प्रश्न आईलाच येतो: ‘ग्रहणात काय केलं होतंस?’ शस्त्रक्रियेने बाळाचा ओठ शिवला जातो, आईवरचा आळ मात्र वर्षानुवर्षं जात नाही.