फ्लॉपी ड्राइव्ह वाचत नाही? स्क्रूला हात लावू नका

‘फ्लॉपी वाचली जात नाही म्हणजे हेडचं अलाइनमेंट गेलं. स्टेपर मोटरचे स्क्रू सैल करून ती जराशी फिरवा, रुळांवर डब्ल्यूडी-४० मारा, डिस्क फॉरमॅट झाली की काम फत्ते.’ जुन्या संगणकांच्या हौशी मंडळींत हा सल्ला सतत फिरत असतो. (हेड म्हणजे डिस्क वाचणारा-लिहिणारा भाग; स्टेपर मोटर त्याला डिस्कवरच्या एका वर्तुळाकार ट्रॅकवरून दुसऱ्यावर सरकवते; हेड ट्रॅकवर नेमकं बसणं म्हणजे अलाइनमेंट.) १.४४ एमबीच्या साडेतीन इंची ड्राइव्हवर तो वापराल तर चांगला ड्राइव्ह बिघडवून बसाल.

अलाइनमेंट गेलं? कमोडोर ६४ संगणकाच्या १५४१ या जुन्या सव्वापाच इंची ड्राइव्हमध्ये खरंच जायचं. त्यात हेड शून्य ट्रॅकवर, म्हणजे सर्वांत बाहेरच्या ट्रॅकवर, पोचलं हे ओळखणारा सेन्सरच नव्हता. हेड अडथळ्यावर आपटायचं आणि त्या ठोक्यांनी स्टेपरची पुली सरकायची. साडेतीन इंचीत सेन्सर असतो. हेड तरीही आपटत असेल तर सेन्सरवर धूळ आहे का ते पाहा. बहुतेकदा मात्र हेडच मळलेलं असतं. बुरशी लागलेल्या डिस्कचा थर हेडवर चढतो आणि पुढची चांगली डिस्क ओरखडतो. म्हणून एक डिस्क अडली की लगेच दुसरी घालू नका. आधी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओलसर केलेला इअरबड हेडवर अलगद फिरवा. वरचं हेड पातळ स्प्रिंगवर असतं. जोरात उचललंत तर ती वाकते, आणि मग अलाइनमेंट खरोखरच जातं.

‘मोटर जराशी फिरवा’ म्हणे! दोन ट्रॅकमधलं अंतर जेमतेम ०.१९ मिमी. ॲनालॉग अलाइनमेंट डिस्क (हेडची जागा तपासायची खास डिस्क) आणि ऑसिलोस्कोप (विद्युत संकेत पडद्यावर दाखवणारं यंत्र) नसेल तर हा जुगारच.

डब्ल्यूडी-४० नकोच. ते वाहत डिस्कपर्यंत जातं. सुकलेलं ग्रीस अल्कोहोलने काढा, हेड पुढे-मागे सरकवणाऱ्या लीड स्क्रूवर लिथियम ग्रीसचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका पुरे.

राहिलं फॉरमॅट. अलाइनमेंट बिघडलेला ड्राइव्ह स्वतः लिहिलेलं बिनतक्रार वाचतो, त्यामुळे ही परीक्षाच नव्हे. खात्रीच्या दुसऱ्या ड्राइव्हवर लिहिलेली डिस्क राइट-प्रोटेक्टची खिडकी उघडी ठेवून घाला. स्वतःची वाचली आणि ही अडली, तरच अलाइनमेंटचा संशय घ्या. दोन्ही अडल्या तर हेड पुन्हा पुसा, मग गती मोजा: मिनिटाला ३०० फेरे, म्हणजे एका फेरीला २०० मिलिसेकंद. गती ढळत असेल तर बोर्डवरचे छोटे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर गळलेत का पाहा. आणि संगणक चालू करताक्षणी ड्राइव्हचा दिवा लागून विझतच नसेल तर ड्राइव्ह उघडूच नका, ३४ पिनांची केबल उलटी बसलेली असते.