निपाणीच्या वाचकांच्या प्रतिक्रियेला उत्तर: एफटी८, कान आणि दूरचे संपर्क

स. न. वि. वि.

बेळगावच्या वडगावातल्या माझ्या घरून हौशी रेडिओच्या ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) सूर्योदयाच्या सुमारास दक्षिण अमेरिकेशी होणारे संपर्क आणि त्यासाठी लागणारी संगणकातील साधने, मुख्यतः एफटी८ ही क्षीण सिग्नल संगणकाने उलगडणारी संदेशपद्धत, यांविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण निपाणीहून सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभारी आहे. हौशी रेडिओवर मराठीत लिहिणारे मोजके आणि वाचून उलट लिहिणारे त्याहूनही कमी, त्यामुळे हे आभार केवळ उपचाराचे नाहीत. मात्र आपल्या प्रतिक्रियेचा सूर मला लागला, आणि तो लागलाच नाही असे दाखवून पुढे जाणे मला जमणार नाही.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा आशय असा. आपण लिहिता: "संगणकाने संगणकाशी केलेल्या देवघेवीला डीएक्स म्हणणे ही खऱ्या हॅमची फसवणूक आहे, बटण दाबून खुर्चीत बसणाऱ्याचे कान कधीच तयार होत नाहीत." (हॅम म्हणजे हौशी रेडिओ चालवणारा, डीएक्स म्हणजे दूरचा संपर्क.) पुढे एफटी८ वापरणाऱ्यांना आपण सरसकट "आयत्या बिळावरचे नागोबा" म्हटले आहे. शिवाय ही मंडळी १०० वॅट लावून बँड घाण करतात, त्यांच्यामुळे नवी मुले मोर्सकडे फिरकत नाहीत आणि महापुरासारख्या प्रसंगी या प्रकाराचा काडीचाही उपयोग नाही, असे तीन आक्षेप आपण जोडले आहेत.

आधी सुराविषयी. आपल्या छंदात समोरचा कोणीही असो, कालच परवाना मिळालेला महाविद्यालयीन मुलगा असो की सत्तरी ओलांडलेले गृहस्थ असोत, त्याला 'ओएम' (ओल्ड मॅन, म्हणजे मित्रा) म्हणून हाक मारायची आणि निरोप घेताना ७३, म्हणजे शुभेच्छा, द्यायचे, ही रीत जगभर पाळली जाते. समोरच्याचा सिग्नल कितीही वाईट असला तरी त्याला हिणवून कोणी बोलत नाही. नीट रिपोर्ट देतो आणि जमल्यास अँटेनात काय बिघडले असावे तेही सांगतो. 'नागोबा' आणि 'फसवणूक' हे शब्द आपण मायक्रोफोन हातात असताना कधीही उच्चारले नसते, याची मला खात्री आहे. मग लिहिताना ते कसे चालले? आपण ज्येष्ठ आहात, आपला अनुभव मोठा असणार, आणि म्हणूनच ही भाषा आपल्याकडून अपेक्षित नव्हती. मुद्दा कितीही खरा असला तरी अशा शब्दांत मांडला, की ऐकणाऱ्याचे कान बंद होतात.

आता त्या वाक्याकडे येतो. 'कान तयार होत नाहीत' हे आपण कोणाला उद्देशून लिहीत आहात, याची आपल्याला कल्पना नसावी. मी मोर्स शिकलो ते खानापूरच्या एका निवृत्त सिग्नलमनकडे. सैन्यातली नोकरी संपवून गावी परतलेले हे गृहस्थ लाकडी फळीवर खिळ्यांनी ठोकलेल्या चावीवर आम्हाला पाच-पाच अक्षरांचे गट द्यायचे, आणि अक्षर सुटले तर ते पुन्हा द्यायचे नाही असा त्यांचा नियम होता. संध्याकाळी वीज गेली तरी वर्ग थांबत नसे. अंधारात लिहिलेल्या ओळी एकमेकींवर चढत, आणि कंदील आल्यावर आपलेच अक्षर आपल्याला लागत नसे. त्यांच्या हाताखाली तयार होऊन मी परवान्याची जनरल ग्रेडची परीक्षा दिली आणि पुढची बरीच वर्षे पाण्याची टाकी व नारळाचे झाड यांच्यामध्ये ताणलेल्या डायपोलवर (तारेच्या साध्या अँटेनावर) केवळ मोर्सच चालवले. त्या काळातली संपर्काची पोच देणारी क्यूएसएल कार्डे आजही माझ्याकडे आहेत. तेव्हा कान म्हणजे काय हे मला शिकवण्याची गरज नाही. आपण हे उंटावरून शेळ्या हाकल्यासारखे लिहिले आहे, असे म्हणण्यावाचून माझ्यापुढे पर्याय नाही.

मग मी संगणक का घेतला? माझे कान बिघडले नाहीत, माझ्याभोवतीची वस्ती बदलली. वडगाव-शहापूरचा भाग मागांचा, हे आपल्याला माहीत आहेच. पूर्वीही यंत्रमाग होते, परंतु आता त्यांच्या जोडीला घरोघरी इन्व्हर्टर, स्वस्त एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर आले. यांतली प्रत्येक वस्तू आपापली खरखर तारांवर सोडते, आणि रिग (रेडिओसंच) सुरू केली की सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरचा काटा दिवसभर सातच्या खाली उतरत नाही. ज्या गोंगाटात खानापूरच्या त्या मास्तरांचाही कान हात टेकेल, त्या गोंगाटात परवाना गुंडाळून ठेवायचा, की दुसरी वाट शोधायची? आपल्याकडे शेताच्या बांधावर अँटेना उभारायला जागा असेल, तर आपण भाग्यवान आहात. गल्लीत राहणाऱ्याला ती चैन नाही.

एफटी८ ही वाट कोठून आली, तेही पाहावे. ती आळशी माणसांनी बसल्या बसल्या काढलेली नाही. जोसेफ टेलर या खगोलशास्त्रज्ञाने रसेल हल्सबरोबर १९७४ मध्ये जोडतारकेतला पल्सार (ठरावीक ठोक्याने रेडिओ लहरी पाठवणारा तारा) शोधला आणि त्यासाठी दोघांना १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. अवकाशातून येणारा अतिक्षीण ठोका गोंगाटातून वेगळा काढणे हे टेलर यांचे आयुष्यभराचे काम. ते स्वतः हॅम आहेत. क्षीण सिग्नलांसाठीची त्यांची पहिली संगणक प्रणाली २००१ मध्ये आली; पुढे तिच्याच जोरावर, चंद्रावर लहरी आपटवून संपर्क साधायला पूर्वी जिथे अँटेनांचा मोठा ताफा लागत असे, तिथे एखाद-दुसऱ्या यागी अँटेनावर काम भागू लागले. २०१७ मध्ये त्यांनी आणि स्टीव्ह फ्रँके यांनी एफटी८ आणले.

त्यात चालते काय, ते जवळून सांगतो. जानेवारीत बेळगावात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्या वेळी ब्राझीलमध्ये रात्र असते आणि मधला आफ्रिका व अटलांटिक महासागरही अंधारात असतो. दिवसा खालच्या बँडांच्या लहरी शोषून घेणारा आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा) डी थर अंधारात विरलेला असतो, वरचा एफ थर मात्र टिकून असतो, म्हणून ७ मेगाहर्ट्झची लहर १३-१४ हजार किलोमीटर जाऊ शकते. आपल्याकडे ऊन चढले की ही खिडकी मिटते. मी ७.०७४ वर २० वॅटने हाक देतो. तिच्यात माझा कॉलसाइन (स्टेशनचे ओळखनाव) आणि एमके७५ ही माझ्या ठिकाणाची नकाशावरची चौकट असते. ही चौकट पूर्व-पश्चिम दोन अंशांची आणि दक्षिणोत्तर एका अंशाची. निपाणी याच पद्धतीने एमके७६ मध्ये पडते. प्रत्येक पाळी १५ सेकंदांची, त्यांतले १२.६४ सेकंद प्रक्षेपणाचे. ७७ बिटांचा मजकूर, १४ बिटांची तपासणी आणि चुका दुरुस्त करण्यासाठी ८३ बिटांची जादा भर, हे सारे आठ स्वरांत गुंफून जेमतेम ५० हर्ट्झ रुंदीत पाठवले जाते. संगणकाचे घड्याळ दोन-तीन सेकंदांनी चुकले, तर समोर काहीच उलगडत नाही. मग एखाद्या पहाटे पडद्यावरच्या धबधब्यात (सिग्नलांच्या सरकत्या चित्रात) एक फिकट रेघ उमटते, कानाला निव्वळ खरखर ऐकू येत असते, आणि पाळी संपताच ओळ दिसते: माझा कॉलसाइन, ब्राझीलच्या स्टेशनचा कॉलसाइन आणि त्याची चौकट. मी त्याला उणे १९ डेसिबल असा रिपोर्ट देतो, तो मला उणे २१ देतो, पोच होते, ७३ होते. दीड मिनिटात आटोपते.

उणे २१ डेसिबल म्हणजे सिग्नलची शक्ती गोंगाटाच्या सुमारे सव्वाशेव्या भागाइतकी. यात जादू नाही. तो गोंगाट २५०० हर्ट्झच्या पूर्ण रुंदीत मोजलेला असतो, आणि एफटी८ चा एकेक स्वर फक्त ६.२५ हर्ट्झमध्ये ऐकला जातो. एवढ्या चिंचोळ्या पट्टीत गोंगाट फारसा मावतच नाही. उत्तम मोर्स ऐकणारा याच मोजपट्टीवर उणे १५ च्या आसपास पोचतो, आणि तेही त्याचा मेंदू हीच गाळणी लावत असतो म्हणून. जे काम मास्तरांनी माझ्या कानाला शिकवले, तेच टेलर यांनी गणिताला शिकवले. आमच्या गल्लीत जॅकार्ड (नक्षीचे धागे आपोआप उचलणारे यंत्र) लावलेल्या मागावर निघालेल्या साडीविषयी 'ही विणकराने विणलीच नाही' असे कोणी म्हणत नाही.

आणि 'संगणकाने संगणकाशी' हे आपण कोणत्या आधारावर लिहिलेत? माझ्या संगणकाची लहर ब्राझीलला जात नाही. ती जाते माझ्या डायपोलवरून, माझ्या गच्चीवरून, आयनांबरावर आपटून. अँटेना चुकीच्या उंचीवर असेल, बँड चुकीचा निवडला असेल, वेळ अर्ध्या तासाने हुकली असेल, तर जगातली कोणतीही प्रणाली एक अक्षर मिळवून देत नाही. हाक देण्याचे बटण माणसालाच दाबावे लागते, आणि ठरावीक मिनिटे त्याचा हात लागला नाही तर प्रक्षेपण आपोआप थांबवणारा पहाराही त्याच प्रणालीत आहे. आपला आक्षेप एकोलिंकसारख्या सोयीला लागू पडला असता. तिथे लांबचा सगळा प्रवास इंटरनेटच्या तारेतून होतो. त्याला डीएक्स म्हणायला माझाही विरोधच आहे. तुम्ही या दोन गोष्टी एकाच माळेत ओवल्यात, आणि हा फरक तुम्हाला माहीत नाही असे मानायला मी तयार नाही.

आयनांबर मला जितके या साधनांनी समजले तितके निव्वळ कानाने कधीच समजले नव्हते. व्हॉइस ऑफ अमेरिकेच्या प्रक्षेपणांच्या आखणीसाठी तयार झालेली व्होअकॅप ही प्रणाली महिना, तास, सौरडागांचा आकडा आणि दोन्ही टोकांच्या अँटेना सांगितल्या, की कोणता बँड कधी उघडण्याची किती शक्यता आहे ते दाखवते. तिचे उत्तर त्या महिन्याचे सर्वसाधारण उत्तर असते, आजच्या सकाळचे नव्हे. आजची सकाळ पाहायला पीएसके रिपोर्टर हे संकेतस्थळ आहे: माझी हाक या क्षणी कोणकोणत्या देशांत ऐकू आली, ते नकाशावर ठिपक्यांनी दिसते. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेले सौरचक्र चढत गेले तसे १० मीटरवरचे ठिपके कसे पसरत गेले, हे मी रोज पाहिले आहे. याला कान तयार होणे म्हणायचे नसेल, तर डोळे तयार झाले म्हणा.

एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करतो. एफटी८ वर गप्पा होत नाहीत. मुक्त मजकुराला एका वेळी जेमतेम १३ अक्षरांची जागा मिळते, त्यात कोणाच्या घरची विचारपूस होणार नाही. ज्यांना गप्पा हव्यात त्यांच्यासाठी आवाज आहे, मोर्स आहे, आणि ते दोन्ही मीही वापरतो.

उरलेल्या आक्षेपांवर फार लिहिण्यासारखे नाही. १०० वॅट लावणारे काही आहेत; तसे मोर्सवरही आहेत. मुले मोर्सकडे वळत नाहीत याचे खापर एफटी८ वर फोडता येत नाही, कारण मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेनेच उठवली आणि निर्णय त्या त्या देशावर सोडला. एफटी८ त्यानंतर चौदा वर्षांनी आले. महापुराचे म्हणाल, तर ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा यांनी आपल्या जिल्ह्यात काय केले ते आपण दोघांनीही पाहिले आहे. तशा वेळी जवळच्या अंतरासाठीच्या व्हीएचएफ बँडवर आवाजानेच बोलायचे असते. एफटी८ पुरासाठी आहे असे माझ्या लेखात एकाही ओळीत नव्हते.

माझे कान अजून तयार आहेत की नाहीत, हे आपल्याला स्वतः पाहता येईल. निपाणी आणि वडगाव एकमेकांच्या इतके जवळ आहेत, की २० मीटरची लहर आपल्या दोघांच्या डोक्यावरून निघून जाईल, म्हणून ४० मीटर घेऊ. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी ७.०२० च्या आसपास मोर्सवर हाक देईन. वेग आपण ठरवावा. अट एवढीच, की त्यानंतर आपण कोणत्याही सकाळी सूर्योदयापूर्वी वडगावला यावे, माझ्या शेजारी बसावे, आणि ब्राझीलची ओळ उमटेपर्यंत हेडफोन आपल्या कानावर ठेवावेत. पत्ता खासगी निरोपाने कळवतो.

७३.