‘फलक धरून कोणी सुटतं का?’ सुटतं की नाही ते बघू

अमेरिकेची गुपितं उघड करणाऱ्या विकिलीक्स या संकेतस्थळाचा संस्थापक ज्युलियन असांज याच्याबद्दलचा एक मेसेज अजून फिरतोय: ‘तो सुटला गुन्हा कबूल करून, सौदा करून. इतकी वर्षं फलक धरणाऱ्यांचा त्यात काडीचाही वाटा नाही. मुळात तो प्रकाशक नव्हेच, हॅकर. बाकी सगळी व्यक्तिपूजा.’

सौदा झाला, हे खरंच. २६ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या अखत्यारीतल्या सायपान बेटावरच्या न्यायालयात त्याने एक आरोप कबूल केला. पण समोरचा सौद्याला तयार का झाला? अमेरिकेचे आरोप १८ होते, मिळून १७५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकत होती. हातात एवढं असलेलं सरकार ६२ महिन्यांवर, तेही लंडनच्या बेलमार्श तुरुंगात आधीच भोगून झालेल्या, समाधान मानतं तेव्हा खटलाच त्याला जड झालेला असतो. मे महिन्यात लंडनच्या उच्च न्यायालयाने त्याला अपिलाची परवानगी दिली होती. त्याआधी, १४ फेब्रुवारीला, ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधीगृहाने ८६ विरुद्ध ४२ मतांनी ठराव केला की प्रकरण मिटवा, त्याला मायदेशी येऊ द्या. २०१० मध्ये याच देशाच्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड विकिलीक्सच्या मुळाशी बेकायदा कृत्य असल्याचं सांगत होत्या. मधल्या काळात खासदारांना काही साक्षात्कार झाला नव्हता. लोक त्यांच्या मागे लागले होते.

ही चिकाटी कसली, तेही बघा. मार्च २०१८ मध्ये इक्वेडोरने, ज्या लंडनच्या दूतावासात तो आश्रयाला होता, तिथलं त्याचं इंटरनेट तोडलं, भेटीगाठीही बंद केल्या. तो स्वतः बोलू शकत नव्हता, तेव्हा रस्त्यावरच्यांनी विषय जिवंत ठेवला. ऑक्टोबर २०२२ मध्ये तर ब्रिटिश संसदेभोवती, थेम्सचे पूल ओलांडून, मानवी साखळी झाली. साखळीने कुलूप निघालं नाही, मान्य. पण विसरला गेलेला कैदी कुठल्याच सरकारला महाग पडत नाही.

‘हॅकर’चं उत्तर आरोपपत्रातच आहे. १८ पैकी १७ आरोप १९१७ च्या हेरगिरी कायद्याखालचे, म्हणजे गुपितं मिळवण्याचे आणि उघड करण्याचे. संगणकात घुसण्याच्या कटाचा एकच, आणि कबुली त्याची नव्हतीच.

राहिली व्यक्तिपूजा. ती होती. त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप करणाऱ्या स्वीडनमधल्या स्त्रियांबद्दल काही समर्थकांनी जे लिहिलं ते वाचवत नाही. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये खटला मागे घ्या असं खुलं पत्र लिहिणाऱ्या पाच वृत्तसंस्थांत ‘गार्डियन’ आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ही होते. नावं न झाकता अमेरिकी दूतावासांचे गोपनीय संदेश, म्हणजे केबल्स, उघड केल्याबद्दल २०११ मध्ये त्यांनीच असांजवर जाहीर टीका केली होती, आणि ती टीका त्याच पत्रात पुन्हा नोंदवली होती.