राष्ट्र सुरक्षित कसं करावं (नळ यायच्या आत)

गेल्या गुरुवारी आमच्या भागात पाण्याचा दिवस होता आणि मी नेमका एका एसी हॉलमध्ये, 'राष्ट्रीय सुरक्षा आणि रेझिलियन्स' या परिसंवादाच्या पहिल्या रांगेत अडकलो होतो. साडेतीन तास. तिथं जे ज्ञान मिळालं ते एकट्यानं पचवणं बरं नव्हे, म्हणून हा प्रपंच. तुम्हीही धोरणतज्ज्ञ व्हा. सोलापूरच्या उन्हात दुपारी दुसरं करणार तरी काय?

आधी शब्द सुधारा. 'तग धरणं' वगैरे म्हणाल तर कुणी चहालाही बोलावणार नाही. रेझिलियन्स म्हणा.

कारगिलचा उल्लेख हवाच, पण धावता. युद्ध १९९९चं, तिन्ही दलांचा मिळून एक प्रमुख नेमा ही शिफारस २००१ची आणि तो खुर्चीत बसला २०२०च्या जानेवारीत. हे सांगताना आवाजात खंत आणा. आपलाही अहवाल त्याच फडताळात जाणार आहे, हे चेहऱ्यावर दिसू देऊ नका.

नकाशा लावा. सोलापूर दिसणार नाही इतका मोठा.

मग फिनलंड. फिनलंडशिवाय गत्यंतर नाही. तिथं घराघराला सांगतात की संकट आलं तर ७२ तास आपल्या बळावर काढता आले पाहिजेत, पाणी-शिधा साठवून ठेवा. ही स्लाइड आली तेव्हा हॉलमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. मीच तो. ओ साहेब, ७२ तासांचं काय कौतुक सांगताय? आमचा नळ पाचव्या दिवशी येतो! जिन्याखाली दोन निळे बॅरल, गच्चीवर टाकी, मोरीत अकरा घागरी, शिवाय आईच्या वेळचा तांब्याचा बंब. फिनलंडच्या बायकांनी येऊन आमच्या बोळात शिकवणी लावावी. मी हात वर करून एवढंच विचारलं, की उजनी ११७ टीएमसीचं धरण, भरलं की दरवाजे उघडल्याचे व्हिडिओ दिवसातून दहादा फॉरवर्ड होऊन येतात. पण तिकडं वीज गेली, पंप बंद पडला, की शंभरेक किलोमीटरवर आमचा पाण्याचा दिवस पुढं जातो. ही कुठली सुरक्षा म्हणायची? पाहुणे गोड हसले. "तो लोकल इश्यू झाला. पण तुम्ही लोक जे मॅनेज करता ना, तेच खरं रेझिलियन्स!"

टाळ्या. आमच्याच लोकांच्या.

लोकल म्हणे! ३० जुलै २०१२ला उत्तरेचा ग्रिड कोसळला तो बीना-ग्वाल्हेरची एक वीजवाहिनी बंद पडली तिथून. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोसळला तेव्हा साठ कोटींच्या वर लोक बिनविजेचे झाले. ती वाहिनीसुद्धा लोकलच होती की. आणि १९९३च्या सप्टेंबरातला भूकंप? त्या पहाटे आम्ही सोलापुरात अंगणात पळत आलो, तिकडं किल्लारीत लोक घरातच गाडले गेले, दगडमातीच्या जाड भिंती नि वर मातीचं माळवद अंगावर येऊन. भिंत कशी बांधली हा लोकल इश्यू! पण पाइप बदलायला पैसा लागतो, कौतुकाला काय लागतं?

असो. शिफारशींत 'सर्व घटकांचा समन्वय' लिहायला विसरू नका. कुणाचंच नाव येत नाही.

टेबलावर बाटलीबंद पाणी ठेवा.

मी घरी पोचलो तेव्हा नळ जाऊन वीस मिनिटं झाली होती. नेमकी त्याच वेळी वीज गेलेली, मोटर बंद. बायकोनं खालच्या नळावर घागरी भरून एकटीनं जिना चढून टाकीत ओतल्या होत्या आणि आता कमरेला शेकाची पिशवी लावून बसली होती. ह्याला रेझिलियन्स म्हणता? लाज वाटत नाही? अठ्ठावन्न वर्षांच्या बाईची कंबर वापरून तुमची योजना चालते, आणि वर तिलाच शाबासकी देता? आणि टाळ्या पिटणाऱ्यांनो, तुमच्या घरीही तोच दिवस होता ना? तुमच्या घागरी कोण उचलत होतं त्या वेळी?

पुढच्या महिन्यात याच विषयाचा भाग दोन आहे. बोलावणं आलंय. मी जाणार नाही, पाण्याचा दिवस आहे. तुम्ही गेलात तर निदान हात मांडीवर ठेवून बसा.